क्रॅप्सच्या टेबलावरची बोली: शब्द, पैजा आणि त्यांचा हिशेब

वेंगुर्लेकर

नमस्कार मंडळी. परवा लास व्हेगासच्या सहलीच्या धाग्यावर दोघातिघांनी लिहिलं होतं की कॅसिनोत सगळ्यात जास्त कल्ला क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांच्या जुगाराच्या, टेबलाभोवती असतो, पण तिथली भाषाच कळत नाही म्हणून जरा वेळ बघून पुढे निघालो. मी अमेरिकन क्रूझ जहाजांवर बरीच वर्षं कॅसिनो डीलर होतो आणि त्यातला मोठा काळ याच टेबलावर गेला. तेव्हा म्हटलं, यावर वेगळा धागा हवाच.

मुद्द्याचं आधी सांगतो. या टेबलावर ज्या पैजेचं नाव जास्त गोंडस, ती पैज बहुतेक वेळा जास्त महाग. आणि सगळ्यात रास्त जी पैज आहे तिच्यासाठी टेबलावर छापील चौकटसुद्धा नसते. इथले शब्द फार रसाळ आहेत, मला अजूनही आवडतात. पण शब्द शिकायचा तर त्याला चिकटलेली किंमतही सोबत शिकावी, असं माझं ठाम मत आहे.

खेळ असा. फासे दोन. फेकणारा तो 'शूटर'. पहिलं दान म्हणजे 'कम-आउट'. त्यात ७ किंवा ११ पडले की 'पास लाइन'वर पैसे ठेवलेले सगळे जिंकले, हा 'नॅचरल'. २, ३ किंवा १२ पडले तर 'क्रॅप्स', पास लाइन हरली. उरले ४, ५, ६, ८, ९, १०. यातला जो पडेल तो 'पॉइंट'. मग डीलर 'पक' नावाची जाड चकती काळ्या 'ऑफ' बाजूवरून पांढऱ्या 'ऑन' बाजूवर उलटवतो आणि त्या आकड्याच्या चौकटीवर ठेवतो. आता एवढंच बघायचं, ७ च्या आधी पॉइंट पुन्हा पडतो का? पडला तर पास लाइन जिंकली. ७ आधी आला तर 'सेव्हन आउट', फासे पुढच्या माणसाकडे.

मोठ्या टेबलावर कॅसिनोची चार माणसं. दोन टोकांना दोन डीलर, ते चिप घेतात-देतात. मध्ये बसलेला 'बॉक्समन', त्याची नजर सगळ्या पैशांवर. त्याच्या समोर उभा 'स्टिकमन', हातात वाकडी लांब छडी. फासे छडीने ओढून घ्यायचे, पडलेलं दान खणखणीत आवाजात पुकारायचं आणि फासे परत शूटरकडे सरकवायचे, हे त्याचं काम. मधोमध छापलेल्या 'प्रपोझिशन' पैजाही त्याच्याच ताब्यात. आम्हाला शिकवतानाच सांगितलेलं होतं: दान पुकारल्यापासून फासे परत जाईपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही, मधल्या पैजा सुचवत राहायचं. ही सगळी बोली त्या काही सेकंदांत जन्मते आणि जगते.

आकड्यांची टोपणनावं बघा. २ म्हणजे दोन्हीकडे एकेक ठिपका, 'स्नेक आइज'. १२ म्हणजे सहा-सहा, 'बॉक्सकार्स', कारण ठिपक्यांच्या त्या सरळ रांगा मालगाडीच्या डब्यांसारख्या दिसतात, 'मिडनाइट'ही म्हणतात. ३ म्हणजे 'एस-ड्यूस'. ४ म्हणजे 'लिटल जो', ऐटीत म्हणायचं तर 'लिटल जो फ्रॉम कोकोमो'. ५ म्हणजे 'फीव्हर'. ८ म्हणजे 'एटर फ्रॉम डिकेटर'. कोकोमो आणि डिकेटर ही खरीखुरी अमेरिकन गावं, ठेका जुळला म्हणून आकड्यांना येऊन चिकटलेली. ९ ला 'सेंटर फील्ड' म्हणतात, कारण 'फील्ड' नावाच्या पैजेचे आकडे २, ३, ४, ९, १०, ११, १२ आहेत आणि त्यात ९ बरोबर मधोमध येतो. दोन-दोन पडून ४ झाले तर 'बॅलेरिना': इंग्रजीत ते होतं 'टू-टू', आणि बॅले नर्तकीच्या घेरदार झग्याचं नाव 'टुटू'. चार-चारचे ८ म्हणजे 'स्क्वेअर पेअर'. पाच-पाचचे १० म्हणजे 'पपी पॉज', पिल्लाचे पंजे.

११ ची गोष्ट वेगळी. 'सेव्हन' आणि 'इलेव्हन' गोंगाटात सारखेच ऐकू येतात, आणि एकावर लोक जिंकतात तर दुसऱ्यावर सर्वस्व जातं. म्हणून स्टिकमन कधीच नुसतं 'इलेव्हन' म्हणत नाही. तो 'यो' किंवा 'यो-लेव्हन' म्हणतो, तेही 'यो' लांबवून. या सगळ्या कोशातला निव्वळ गरजेतून आलेला शब्द हाच.

आता मधल्या चौकटींतल्या पैजा. पुढचं दान ७, ही 'एनी सेव्हन', टोपणनाव 'बिग रेड'. पुढचं दान २, ३ किंवा १२, ही 'एनी क्रॅप्स'. २, ३, ११, १२ चारही एकदम म्हणजे 'हॉर्न'. हॉर्नमध्ये एनी सेव्हन मिळवलं की 'वर्ल्ड', काही जण 'व्हर्ल' म्हणतात. क्रॅप्स आणि ११ मिळून 'सी अँड ई'. २ आणि १२ मिळून 'हाय-लो'. अमुक दोन फासे पुढच्याच दानात पडतील असं सांगणं म्हणजे 'हॉप'. या सगळ्या एका दानाच्या पैजा. दान पडलं, निकाल लागला, चिप गेली किंवा वाढली.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. विचारा.

स्नेहल_डॅलस

मस्त धागा! मागच्या वर्षी आम्ही ओक्लाहोमातल्या एका कॅसिनोत गेलो होतो, तिथे एक काका सारखे 'हार्ड एट, हार्ड एट' ओरडत होते. आठ पडले तरी डीलरने त्यांची चिप उचलून नेली. त्यांना वाईट वाटलं, पण भांडले नाहीत. हे काय प्रकरण आहे?

वेंगुर्लेकर

स्नेहलताई, 'हार्ड' म्हणजे जोडीने पडलेला सम आकडा. चार-चार पडून ८ झाले तर 'हार्ड एट' किंवा 'एट द हार्ड वे'. पाच-तीन किंवा सहा-दोन पडून झाले तर 'ईझी एट'. काकांची पैज चार-चारवर होती. ती जोडी येण्याआधी 'ईझी' आठ आले, म्हणून चिप गेली. ७ आले असते तरी गेलीच असती.

हिशेब मांडून बघा. चार-चार पडायचा प्रकार एकच. काकांना बुडवणारे प्रकार दहा: ७ चे सहा आणि ईझी आठचे चार. म्हणजे न्यायाने एकास दहा मिळायला हवेत. टेबल देतं एकास नऊ. 'हार्ड सिक्स'चंही तसंच. 'हार्ड फोर' आणि 'हार्ड टेन'ला न्यायाने एकास आठ हवेत, मिळतात सात. कॅसिनोचा वाटा पहिल्या दोघांत ९.०९ टक्के, दुसऱ्या दोघांत ११.११ टक्के. ही पैज एका दानात संपत नाही, टेबलावर बसून राहते, त्यामुळे माणसाला वाटतं की अजून चिप आहे, अजून आशा आहे. स्टिकमनसाठी हार्डवे म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक.

गणिती

वेंगुर्लेकरांच्या मुद्द्याला आकड्यांचा आधार देतो.

दोन फाशांची दानं ३६. ७ सहा प्रकारे पडतात. ६ आणि ८ पाच-पाच प्रकारे. ५ आणि ९ चार-चार. ४ आणि १० तीन-तीन. ३ आणि ११ दोन-दोन. २ आणि १२ एकेक. क्रॅप्सचं सगळं गणित या एका ओळीत आहे. एवढं पाठ असलं की कुठलीही पैज कागदावर सोडवता येते.

पास लाइन ४९५ पैकी २४४ वेळा जिंकते आणि २५१ वेळा हरते. म्हणजे शंभर डॉलरमागे सरासरी १.४१ डॉलर कॅसिनोचे. 'यो' न्यायाने एकास १७ द्यायला हवं, देतात १५, वाटा ११.११ टक्के. स्नेक आइज किंवा बॉक्सकार्स न्यायाने एकास ३५, देतात ३०, वाटा १३.८९. आणि 'बिग रेड' न्यायाने एकास ५, देतात ४; वाटा १६.६७ टक्के. एवढी महाग पैज या टेबलावर क्वचितच सापडेल, आणि तिला इतकं भडक नाव!

टक्क्यांतही खरा फरक दिसत नाही, कारण वेग वेगळा आहे. पास लाइनचा निकाल लागायला सरासरी ३.४ दानं लागतात. बिग रेडचा निकाल प्रत्येक दानाला. पाच डॉलर पास लाइनवर ठेवले तर दर दानाला सरासरी दोन सेंट जातात. तेच पाच डॉलर दर दानाला बिग रेडवर ठेवत गेलात तर ८३ सेंट. म्हणजे जवळपास चाळीसपट.

टेबलावरची छपाईही नीट वाचा. काही ठिकाणी 'यो'पुढे १५ टु १ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी १६ फॉर १. वाचणाऱ्याला १६ चा आकडा बरा वाटतो. दोन्ही सारखेच आहेत, कारण 'फॉर'मध्ये तुमची स्वतःची एक चिपही मोजलेली असते. आणि १५ फॉर १ लिहिलेलं टेबल तर प्रत्यक्षात १४ च देतं.

रानवारा

गणिती, चाळीसपटीचा आकडा वाचून थांबलोच. वेंगुर्लेकर, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की सगळ्यात रास्त पैजेला छापील जागाच नाही. ती कुठली?

वेंगुर्लेकर

'ऑड्स'. पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरच्या तुमच्या चिपच्या मागे, रेषेबाहेरच्या कोऱ्या हिरव्या जागेत, आणखी चिप ठेवता येतात. याला 'टेकिंग ऑड्स' म्हणतात, किंवा 'बॅकिंग अप द लाइन'. त्यावर कॅसिनो खऱ्या हिशेबाने पैसे देतं: पॉइंट ४ किंवा १० असेल तर एकास दोन, ५ किंवा ९ असेल तर दोनास तीन, ६ किंवा ८ असेल तर पाचास सहा. कॅसिनोचा वाटा शून्य. कॅसिनोत अशी पैज शोधून सापडत नाही.

किती ठेवता येतात त्याला टेबलाची मर्यादा असते. नेहमीची म्हणजे 'थ्री-फोर-फाइव्ह': पॉइंट ४ किंवा १० असेल तर मूळ पैजेच्या तिप्पट, ५ किंवा ९ ला चौपट, ६ किंवा ८ ला पाचपट. हे आकडे फार हुशारीने निवडलेत. समजा पास लाइनवर दहा डॉलर आहेत. पॉइंट ४, तीस ठेवले, जिंकलात तर साठ. पॉइंट ५, चाळीस ठेवले, जिंकलात तर साठ. पॉइंट ६, पन्नास ठेवले, तरी साठच. डीलरला गर्दीत डोकं खाजवावं लागत नाही. पूर्ण ऑड्स घेणाऱ्याच्या एकूण पैशांवर कॅसिनोचा वाटा ०.३७ टक्क्यांवर येतो. तोटा तेवढाच राहतो, पण जास्त पैशांवर पसरतो, हेही समजून घ्या. दहा डॉलर खिशात घेऊन आलेल्याने ऑड्सच्या नादी लागून शंभर काढू नयेत.

ही पैज कुणी ओरडून सांगत नाही. स्टिकमनच्या तोंडी तिच्यासाठी एकही यमक नाही.

याउलट काही टेबलांच्या कोपऱ्यात मोठ्या लाल अक्षरांत 'बिग सिक्स' आणि 'बिग एट' लिहिलेलं असतं. ७ च्या आधी ६ पडले तर जेवढ्यास तेवढे मिळतात. आता हीच पैज आतल्या चौकटीत 'प्लेस सिक्स' म्हणून लावता येते, तीच अट, तेच फासे, आणि तिथे सहास सात मिळतात. वाटा एकीकडे ९.०९ टक्के, दुसरीकडे १.५२. अंतर हातभराचं. मी टेबलावर असताना कुणी नवखा बिग सिक्सवर चिप ठेवायला लागला की मी हळूच म्हणायचो, "सर, सहा डॉलर मला द्या, मी आत ठेवतो." सहा यासाठी की प्लेस ६ आणि ८ सहाच्या पटीत लावायचे, बाकीचे आकडे पाचाच्या पटीत.

अनुराधा७२

धागा वाचतेय, माहिती चांगली आहे, पण मला अस्वस्थ वाटलं. माझ्या मोठ्या काकांनी मटक्यात राहतं घर घालवलं. 'ओपन', 'क्लोज', 'जोडी', 'पाना', 'संगम' हे शब्द मी शाळेत असताना घरात ऐकलेत. ते शब्द इतके रोजचे झाले होते की पैसे जातायत हे आम्हा मुलांना समजायलाच वर्षं लागली. मग जुगाराची बोली अशी कौतुकाने का मांडायची?

वेंगुर्लेकर

अनुराधाताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. याच कारणासाठी मी किंमतीसकट लिहितोय. तुम्ही लहानपणी जे पाहिलंत त्याची दुसरी बाजू मी टेबलाच्या आतून पाहिली आहे.

चिपांची नावं घ्या. पाच डॉलरची लाल चिप म्हणजे 'निकल'. पंचवीसची हिरवी म्हणजे 'क्वार्टर'. बाहेरच्या जगात निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं आणि क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं. एका शब्दात रक्कम शंभराने लहान झाली. जुगाऱ्यांच्या तोंडी हजार डॉलर म्हणजे 'डाइम', आणि डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. दिवसभर 'क्वार्टर टाक', 'दोन निकल यो' असं बोलणाऱ्या माणसाच्या मनात पैशाचं वजन उरत नाही. जिंकलेल्या पैशांतून पैज वाढवायची त्याला 'प्रेस'. नुसतं 'प्रेस इट' म्हटलं की काम झालं, आकडा उच्चारावाच लागत नाही. हरायला लागलेला माणूस सगळ्यात जास्त 'प्रेस' म्हणतो.

मी एका गृहस्थांना बघितलंय, निवृत्त शिक्षक होते, बायको जेवायला बोलवायला दोनदा येऊन गेली. ते दर दानाला एकच म्हणत: "हाय-लो-यो." तीन शब्द, तीन चिप. स्वर इतका सहज की जणू चहात साखर किती ते सांगतायत. मला त्यांना थांबवायचा अधिकार नव्हता. हा धागा वाचणाऱ्यांशी मात्र मोकळं बोलता येतं, म्हणून लिहितोय.

अनुराधा७२

समजलं. निकल-क्वार्टरचं वाचून काका आठवले. ते शंभराच्या नोटेला 'पत्ता' म्हणायचे. लिहीत राहा.

इतिहासवेडा

या खेळाची मुळंही थोडी मांडतो. क्रॅप्स निघाला इंग्लंडच्या 'हॅझर्ड' या जुन्या फाशांच्या खेळातून. हॅझर्डमधल्या हरायच्या लहान दानाला 'क्रॅब्ज' म्हणत, त्याचं फ्रेंच तोंडातून फिरून 'क्रॅप्स' झालं असं साधारण मानतात. अमेरिकेत हा खेळ रुजला न्यू ऑर्लिन्समध्ये, आणि तिथे बर्नार्ड द मॅरिन्यी या श्रीमंत जमीनदाराचं नाव घ्यावंच लागतं (१७८५ ते १८६८). फाशांच्या नादात त्याने अफाट पैसा घालवला. आपल्या मळ्याच्या जमिनीचे तुकडे पाडून विकले, तिथे नवी वस्ती उभी राहिली, आजही ती फोबूर्ग मॅरिन्यी म्हणून ओळखली जाते. त्या वस्तीतल्या एका रस्त्याला त्याने चक्क क्रॅप्सचं नाव दिलं होतं. पुढे ते बदललं, आता तो बर्गंडी स्ट्रीटचा भाग आहे.

पुढची मोठी उडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जॉन विन नावाच्या फासे बनवणाऱ्याने टेबलावर 'डोन्ट पास' आणलं, म्हणजे शूटरच्या विरुद्ध पैसे लावायची सोय. तोपर्यंत लबाड फासे वापरून शूटर सगळ्यांना लुबाडू शकत असे. दोन्ही बाजूंनी पैज घेता येऊ लागली तेव्हा लबाडीचा फायदा उरला नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिक जमिनीवर लष्करी घोंगडी अंथरून हा खेळ खेळले, घरी परतताना सोबत घेऊन आले. नेवाडात १९३१ साली जुगार कायदेशीर झालेला होताच, त्यामुळे युद्धानंतर लास व्हेगासला तयार खेळाडूंची पिढीच मिळाली. आकड्यांची बरीच टोपणनावं त्या बराकींतून फिरून आलेली आहेत.

फाशांचं वेड आपल्याकडेही जुनंच. ऋग्वेदातल्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे, त्यात हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. ते फासे बेहड्याच्या फळांचे. आणि नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्याच झाडाची पानं-फळं नजरेने मोजून दाखवतो आणि मग नळाला 'अक्षहृदय' शिकवतो. फाशांचं मर्म मोजण्यात आहे हे महाभारतकारांना ठाऊक होतं. गणितींचा प्रतिसाद वाचताना मला तेच आठवलं.

पाऊसपाणी

'डोन्ट पास'बद्दल आणखी सांगा ना. मी एकदा टोरांटोहून नायगाऱ्याला गेले होते तेव्हा तिथे एक बाई शांतपणे एकट्या तसं खेळत होत्या आणि बाकीचे त्यांच्याकडे रागाने बघत होते.

वेंगुर्लेकर

पास लाइनवाले 'राइट बेटर', डोन्टवाले 'राँग बेटर'. बरोबर-चूक असा काही अर्थ नाही, पण शब्दांचा परिणाम होतोच. डोन्ट खेळण्याला 'डार्क साइड' असंही नाव आहे. सगळं टेबल जिंकतं तेव्हा तो एकटा हरतो, आणि 'सेव्हन आउट' झालं की सगळे हळहळतात तेव्हा त्याच्या चिप वाढतात. म्हणून ते रागाने बघणं.

हिशेबाने डोन्ट पास किंचित स्वस्त आहे: १.३६ टक्के. कम-आउटला २ किंवा ३ पडले तर जिंकतो, ७ किंवा ११ पडले तर हरतो, आणि १२ पडले तर पैज बरोबरीत सुटते. टेबलावर 'बार १२' छापलेलं असतं ते हेच. ती १२ ची बरोबरी नसती तर खेळाडूचं पारडं कॅसिनोपेक्षा जड झालं असतं. एकदा पॉइंट ठरला की डोन्टवाला वरचढ, कारण ७ हा सगळ्यात जास्त वेळा पडणारा आकडा. त्या बाई काही वाईट करत नव्हत्या, पाऊसपाणी. शूटरविरुद्ध खेळल्याने फाशांना काही कळत नाही. फक्त जिंकल्यावर ओरडायचं नाही, एवढी रीत पाळायची.

स्नेहल_डॅलस

आणि 'सात' हा शब्दच उच्चारायचा नाही, असंही ऐकलंय. खरं का?

वेंगुर्लेकर

खरं आहे. पॉइंट लागलेला असताना कुणी 'सेव्हन' म्हटलं तर टेबलावरचे लोक खरोखर चिडतात. म्हणून 'बिग रेड', किंवा नुसतं 'रेड', किंवा 'इट'. फासे कुणाच्या हाताला लागले तरी पुढचं दान ७ येणार असा समज. म्हणूनच 'हँड्स अप' किंवा 'डाइस आर आउट' असं पुकारलं की सगळ्यांनी हात वर घ्यायचे. फासा टेबलाखाली पडला की शूटर घाईने म्हणतो "सेम डाइस", म्हणजे तोच फासा परत द्या. बॉक्समन तो उचलून प्रकाशात धरतो, चारी बाजूंनी फिरवतो, त्यावरचा क्रमांक बघतो आणि मगच देतो. कॅसिनोचे फासे पारदर्शक, बहुतेक लाल, कडा धारदार, सुमारे १९ मिलिमीटरचे. ठिपके खोदून त्याच वजनाच्या रंगाने सपाट भरलेले, म्हणजे कुठलीही बाजू जड व्हायला नको. फासे समोरच्या भिंतीला लागून परत यायला हवेत. त्या भिंतीवर रबराची टोकदार उंचवट्यांची जाळी असते, तिच्यावर आपटल्यावर कुणाचाही नेम उरत नाही.

'हॉट टेबल', 'कोल्ड टेबल', 'हॉट हँड' हे शब्दही याच जातीचे. एक शूटर सरासरी साडेआठ दानं टाकतो आणि सेव्हन आउट होतो. अपवाद अर्थात घडतात. होनोलुलूच्या स्टॅनली फुजिताके यांनी २८ मे १९८९ रोजी लास व्हेगासच्या कॅलिफोर्निया हॉटेलात तीन तास सहा मिनिटं फासे हातात ठेवले, ११८ दानं. 'गोल्डन आर्म' हे नाव तिथून रूढ झालं. तो विक्रम २३ मे २००९ ला अटलांटिक सिटीच्या बॉरगाटा कॅसिनोत मोडला, तोही क्रॅप्स जेमतेम माहीत असलेल्या एका आजींनी: १५४ दानं, चार तास अठरा मिनिटं. दोघांच्याही १०० व्या दानाला ७ पडायची शक्यता पहिल्या दानाइतकीच होती, सहात एक.

रानवारा

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने व्हेगासला जायचंय. एकदा उभं राहून बघायचंय. नेमकं काय बोलायचं, काय करायचं? आणि घरी बसून ऑनलाइन सराव केला तर?

वेंगुर्लेकर

पैसे लावून ऑनलाइन तर नकोच. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना भारतात बंदी घातली आहे. सरावासाठी घरात ल्युडोचे दोन फासे पुरतात. समोर कागद ठेवा, दान पडलं की पॉइंट लिहा. तासाभरात डोळ्यांना सवय होते.

टेबलावर गेल्यावर आधी कमीत कमी पैज किती ते पाटीवर वाचा. पॉइंट चालू नसताना, पक 'ऑफ' असताना जा. नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, त्याला हातात घेता येत नाहीत. टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायचं "चेंज ओन्ली", नाहीतर ती पैज समजली जाऊ शकते. चिप समोरच्या लाकडी खाचेत ठेवा, तिला 'रेल' म्हणतात. पास लाइनवर एक चिप. पॉइंट लागला की मागे ऑड्स, झेपतील तेवढेच. इतकं पुरेसं आहे. फासे तुमच्याकडे आले तर स्टिकमन पाच-सहा फासे पुढे सरकवेल, त्यातले दोन निवडायचे. एकाच हाताने धरायचे, टेबलाबाहेर न्यायचे नाहीत. फेकायचं नसेल तर "पास द डाइस" म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

डीलरला बक्षिसी द्यायची असेल तर तिला 'टोक' म्हणतात. त्याच्या नावाने पैजही लावता येते; "टू-वे यो" म्हटलं की एक चिप तुमची, एक डीलरांची. हे महाग पैजेवर करण्यापेक्षा त्यांच्यासाठी पास लाइनवर एक चिप ठेवा. आम्हाला ती जास्त वेळा मिळायची.

निघताना सगळ्या चिप टेबलावर ठेवून "कलर मी अप" म्हणा. डीलर त्या मोजून मोठ्या रकमेच्या थोड्या चिप देतो, बॉक्समन बघतो, मग तुम्ही कॅशियरच्या खिडकीवर जा. हे दोन दानांच्या मध्ये करायचं, फासे हवेत असताना नाही.

गणिती

रानवारा, एक भर. प्लेस पैजा लावल्यात तर कम-आउटला त्या आपोआप 'ऑफ' असतात, म्हणजे ७ पडले तरी जात नाहीत. चालू ठेवायच्या असतील तर "वर्किंग" असं स्वतःहून सांगावं लागतं. आणि एरवी कधीही "टेक मी डाउन" म्हटलं की डीलर त्या उतरवून परत देतो. पास लाइनची चिप मात्र पॉइंट लागल्यावर काढता येत नाही, ती निकालापर्यंत तिथेच राहते. ऑड्स केव्हाही काढता येतात.